तुरेवाल्याचा दुसरा सूर

म्हातारा नर पुन्हा दाराकडे बघत होता.

काचेपलीकडच्या मोठ्या जाळीत तरुण नरांपैकी कुणी गायला लागलं, की तो मागच्या काठीवरून पुढच्या काठीवर येई, डोक्यावरचा तुरा ताठ उभारी आणि खोलीच्या दाराकडे तोंड करून थांबे. गाणं संपल्यावरही क्षणभर तसाच. मग तुरा हळूहळू खाली बसे आणि तो परत मागे जाई.

पक्षी जगवणाऱ्या या संस्थेत आवाजांचं काम तिच्याकडे होतं. तिने हे अनेकदा पाहिलं होतं आणि त्याचा अर्थही लावून टाकला होता: दुसऱ्या नराचा आवाज ऐकून चढलेला त्वेष. पण त्वेषात पक्षी आवाजाकडे वळतो. हा तर आवाजाकडे पाठ करून बसत होता. इतकी उघड गोष्ट आपल्याला आज दिसावी, याने ती जरा अस्वस्थ झाली.

"पेन्शनच्या रांगेत उभा राहिल्यासारखा दिसतो," अळीबाई म्हणाली. पिंजऱ्यांची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. पक्ष्यांसाठी ती डब्यांतून अळ्या वाढवायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं, आणि नवीन आलेल्यांना ती स्वतःच या नावाने आपली ओळख करून देई. "खिडकी काही उघडत नाही बिचाऱ्याची."

तुरेवाला हा मुठीएवढा, राखी-तपकिरी पक्षी. तुरा सोडला तर नजरेत भरण्यासारखं त्याच्यात काही नाही. उष्ण प्रदेशातल्या उंच डोंगरांवर, जिथे ढग झाडांत शिरून बसतात, तिथल्या जंगलात तो राहतो आणि खाली उतरत नाही. त्याच्या एका डोंगरावर आता मोजकेच पक्षी उरले होते. उंदरांनी घरट्यांमागून घरटी फस्त केली, तेव्हा संस्थेने गेल्या हंगामात उरलेली अंडी उचलून आणली, यंत्रात उबवली आणि पिल्लं हाताने भरवून मोठी केली. तीच आता तरुण झाली होती. त्यातले नर येत्या आठवड्यात त्या डोंगरावर सोडायचे होते. लाकडी खोकी तयार होती, त्यांना जाळीच्या खिडक्या बसवून झाल्या होत्या. अळीबाई त्यांना नवरदेवांच्या गाड्या म्हणायची.

गाणारा पक्षी गाणं जन्मतः घेऊन येत नाही. घरट्यात असताना आणि त्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत जे कानावर पडतं ते तो मनात साठवतो, आणि मोठा झाल्यावर तेच गातो. एकदा पक्कं झालेलं गाणं मग बदलत नाही. या पिल्लांना बाप नव्हता. म्हणून त्यांना रोज सकाळी स्पीकरवर गाणं ऐकवलं गेलं. ते तिने सरांच्या जुन्या टेपांतून वेचून काढलं होतं.

सरांनी त्या डोंगरावर एकट्याने कितीतरी हंगाम काढले होते. तिथल्या तुरेवाल्याचा आवाज त्यांच्याशिवाय कुणीच टिपलेला नव्हता. ती त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी. "दोन कान माझे आणि तिसरा ही," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि संस्थेत तिला तिसरा कान हेच नाव पडलं. शिकवताना त्यांचा एक नियम फार कडक होता. जंगलात तोंड बंद. पक्ष्याला शीळ घालून बोलावायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही. नाहीतर घरी येऊन स्वतःलाच ऐकत बसाल. एका मुलाने एकदा गंमत म्हणून शीळ घातली, तर सरांनी त्याला त्याच दिवशी खालच्या गावात परत पाठवलं होतं.

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, चेहऱ्याचा अर्धा भाग सैल पडला आणि बोलणं गेलं. बोललेलं कळायचं सगळं. टेपा निवडायचं काम तिच्यावर आलं. तिने मान मोडून ते केलं. डोंगरावर झऱ्याचा आवाज सतत असतो. बहुतेक गाणी त्या आवाजात दूरवर कुठेतरी बुडालेली होती. काही मात्र जवळची होती, स्वच्छ, जणू पक्षी माइकच्या शेजारी बसून गायला असावा. तिने ती जवळची निवडली. दुसरं कुणीही तेच केलं असतं.

हा म्हातारा नरही सरांनीच आणलेला. पंख मोडून जमिनीवर पडलेला सापडला होता. पंख सांधला, पण उडण्याजोगा झाला नाही. तेव्हा सर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येत, दार लावून घेत आणि बराच वेळ त्याच्यापाशी बसत. बाहेर येत तेव्हा चेहरा उजळलेला असे. त्याचं गाणं टिपून ठेवू या, असं तिने सुचवलं की म्हणत, करू, करू. ते राहूनच गेलं. सर यायचे थांबल्यापासून पक्षी गप्प होता.

*

संचालकांच्या मनात पक्षी सोडण्याच्या दिवशी सरांचा सत्कार करायचा होता. चाकांची खुर्ची कुठून आणता येईल ते बघायला काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आदल्या आठवड्यात येऊन गेल्या. नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पायऱ्या पाहिल्या, उतार पाहिला, दारांची रुंदी हाताच्या वितीने मोजली. मग ती त्यांना म्हणाली, आलाच आहात तर सरांचे विद्यार्थी बघून जा.

मोठ्या जाळीच्या खोलीत शिरताच एक तरुण नर गायला. चढता सूर, छोटी गिरकी, पुन्हा चढता सूर आणि शेवटी लांब खाली येणारी ओढ.

काकूंनी पर्स उघडली आणि आत हात घातला. मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि हात तसाच पर्समध्ये राहिला.

काय झालं, असं तिने विचारलं.

काकू हसल्या. "हे यांचं 'चावी टाक' आहे," त्या म्हणाल्या.

लग्नानंतरची बरीच वर्षं ते दोघं एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. खालचं फाटक बंद असे आणि घंटा कधीच धड चालली नाही. सर रस्त्यावरून शीळ घालत. काकू रुमालात बांधून चावी खाली टाकत आणि ते ती झेलत. ही शीळ त्यांनी डोंगरावरून आणली होती. कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी काकूंना बजावलं होतं. विद्यार्थ्यांना एक सांगतो आणि आपण दुसरंच करतो म्हणून हसतील, म्हणाले होते.

"शेवटची ती ओढ ऐकलीस ना? मी चावी टाकायला उशीर केला की तिथेच ते मुद्दाम लांबवायचे." काकूंनी जाळीकडे पाहिलं. अजून त्यांना यात कौतुकच दिसत होतं. "पण या पक्ष्यांना हे कुणी शिकवलं?"

तिला उत्तर माहीत होतं. तिने काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पाच मिनिटांत येते असं सांगून ती आपल्या खोलीत गेली.

पाच मिनिटांचं काम नव्हतं ते. तिने सगळ्यात जुनी टेप लावली आणि जवळच्या गाण्यांऐवजी पहिल्यांदाच त्यांच्यानंतर येणारी दूरची गाणी लक्ष देऊन ऐकली. जवळचं एक, थोडी शांतता, मग दूरचं एक. पुन्हा जवळचं, पुन्हा दूरचं. हा संवाद होता. दोन नर सीमेवरून भांडताहेत, असं तिने तेव्हा धरलं होतं.

मग तिने दोन्हींचं चित्र पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलं. आवाजाच्या चित्रात सूर उंच असेल तर रेघ वर जाते, खालचा असेल तर खाली. जवळच्या गाण्याची शेवटची ओढ म्हणजे एकच सुरेख, खाली उतरणारी रेघ. दूरच्या गाण्यात, झऱ्याच्या करड्या धुक्यात, त्या रेघेखाली आणखी एक रेघ होती. फिकट, तुटक. पहिली खाली येत असताना ही वर चढत होती. हा दरीचा प्रतिध्वनी असं समजून तिने तो काढून टाकला होता. आता तिने नीट पाहिलं. प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या उलट दिशेने जात नाही.

पक्ष्याच्या गळ्यात आवाजाची जागा दोन फाट्यांवर असते. तो एकाच वेळी दोन वेगळे सूर काढू शकतो. माणसाला ओठांची जोडी एकच. जवळचं गाणं ही सरांची शीळ होती.

ती परत आली तेव्हा काकू जाळीसमोर उभ्या होत्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना बरंचसं कळलं. उरलेलं तिने सांगितलं. निघताना काकू एवढंच म्हणाल्या, "यांना कळू देऊ नकोस. तो डोंगर सोडला तर आता त्यांच्यापाशी काही उरलेलं नाही."

तिने तसा शब्द दिला, त्यांना उतारावरून खाली सोडलं, आणि वर येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे पिल्लांच्या खोलीतला स्पीकर बंद केला. या हंगामात डोंगरावरून आणलेल्या अंड्यांतून पिल्लं नुकतीच बाहेर आली होती. गेले काही दिवस रोज सकाळी त्यांनाही तेच ऐकवलं जात होतं.

*

संचालकांनी दोन्ही चित्रं टेबलावर ठेवून घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तिसऱ्या कानाला आत्ता जाग आली?"

तिने दुसऱ्या चित्रातल्या खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

त्यांनी विचारलं की एवढ्या एका फिकट रेघेसाठी सगळं थांबवायचं का. पक्षी धडधाकट आहेत, उडतात, खातात, गातात. गाण्यात थोडं उणं राहिलं तर काय बिघडलं? लोक खेड्यातून शहरात जातात, बोली बदलते, तरी संसार होतात.

तिने समजावून सांगितलं. मादी नर निवडते ती गाण्यावरून. ती दुसरी रेघच ऐकत असेल तर हे नर तिच्या लेखी तुरेवालेच नाहीत. ते डोंगरावर गात राहतील आणि त्यांच्याकडे कुणी फिरकणार नाही. ही झाली कमी वाईट बाजू. डोंगरावर अजून काही जुने नर आहेत, त्यांची पिल्लं आहेत. हे तरुण नर संख्येने त्यांच्यापेक्षा जास्त, आणि आवाजाने धीट. ती पिल्लं हेच ऐकून मोठी झाली, तर दोन-चार पिढ्यांत खरं गाणं कुठेच उरणार नाही.

"मादी ती रेघच ऐकते, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच सोडता येणार नाहीत."

संचालक उठून खिडकीपाशी गेले. पाहुण्यांना बोलावून झालं होतं. त्यांना काय सांगू, नवरदेवांचा घसा बसलाय? असं त्यांनी खिडकीकडे तोंड करूनच विचारलं. ती म्हणाली, माझ्या कामात चूक झाली असं सांगा, ते खरंच आहे. संचालक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त घडी विस्कटलेली आवडत नसे. शेवटी त्यांनी कार्यक्रम पुढे ढकलायला होकार दिला आणि विचारलं की मग या पिल्लांना आता कोण शिकवणार.

घोडं तिथेच अडलं होतं. दूरची गाणी साफ करून पाहिली, तर झऱ्याबरोबर दुसरी रेघही जात होती. रेघ ठेवावी तर झरा राहत होता, आणि त्या खरखरीला पिल्लं ढुंकून विचारत नव्हती. पिल्लांचे कान उघडे असण्याचा काळ थोडा असतो. तो निघून गेला की ती काहीतरी अर्धवट, आपल्या मनाचं गातात. डोंगरावर जाऊन नवीन आवाज टिपून आणायचा, तर नुकत्याच झालेल्या पावसाने वाटा ढासळल्या होत्या आणि त्या मोकळ्या होईपर्यंत हा काळ सरला असता. हाताशी खरं गाणं येणारा एकच पक्षी होता. तो दाराकडे बघत बसला होता.

त्याला गायला लावायचे सगळे उपाय तिने केले. एका तरुण नराला छोट्या पिंजऱ्यात घालून त्याच्यासमोर ठेवलं. तरुण गायला. म्हाताऱ्याने तुरा उभारला, दाराकडे पाहिलं, वाट पाहिली, तुरा खाली घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तुराही उभा राहिला नाही.

अळीबाई जाळीला टेकून हे बघत होती. "नेहमीची हाक येते आणि माणूस येत नाही," ती म्हणाली. "किती वेळा उठून बसेल तो तरी?"

अळीबाई हे सहज बोलून गेली, पण ऐकणारीला एकदम कळलं: म्हातारा शिळेची नव्हे, सरांची वाट बघत होता. आता पुढे काय करायचं ते स्पष्ट होतं, आणि त्यासाठी काकूंना दिलेला शब्द मोडावा लागणार होता.

*

काकूंनी दार उघडलं आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. सर पुढच्या खोलीत खिडकीपाशी होते. तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. पिल्लांचं सांगितलं, म्हाताऱ्याचं सांगितलं. सर येऊन समोर बसले तर तो गाईल अशी आशा आहे, खात्री नाही. पण ते आले तर मोठ्या जाळीतला आवाज त्यांच्या कानावर पडणारच. लपवता येणार नाही.

काकू ओट्यावरून फडकं फिरवत राहिल्या. ओटा स्वच्छच होता.

"आणि नाही आले तर?"

"तर ते गाणं त्या म्हाताऱ्याबरोबर इथून जाईल. डोंगरावर किती दिवस टिकेल, कुणालाच सांगता येणार नाही."

काकूंनी फडकं पिळून वाळत घातलं. "चाळीस वर्षं या पक्ष्यापायी मी एकटीने जेवले आहे," त्या म्हणाल्या. "आता तो गप्प बसला म्हणजे त्या सगळ्यावर पाणीच की." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी आणते त्यांना. पण ते ऐकतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरांना घेऊन आल्या. खुर्ची उतारावरून वर चढवायला अळीबाईने हात दिला. सरांनी दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिला पाहून त्यांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या कानाला लावला. तिसरा कान. ती हसली, आणि त्या हसण्याची तिला लाज वाटली.

मार्गिकेच्या तोंडाशी पोचले तोच एक तरुण नर गायला.

सरांचा डावा हात आपोआप मांडीवरून उचलला गेला आणि तळवा वर करून पुढे आला, चावी झेलायला यावा तसा. क्षणभर तो तसाच हवेत राहिला. मग दुसरा नर गायला, मग तिसरा. जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यातून तीच शीळ, तीच शेवटी लांबवलेली ओढ. हात खाली आला.

ती काकूंनी सांगितल्याप्रमाणे जमिनीकडे बघत होती. फरशीवर कुणाचा तरी दाणा सांडला होता. खुर्चीची चाकं पुढे सरकेनात. सरांनी एका बाजूचं चाक घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. घरी येऊन स्वतःलाच ऐकत बसाल, हे त्यांचंच वाक्य होतं.

बऱ्याच वेळाने काकूंनी वाकून त्यांच्या हातावर हात ठेवला. "आत तो वाट बघतोय," त्या म्हणाल्या. सरांनी चाक सोडलं.

म्हातारा मागच्या काठीवर पिसं फुगवून बसला होता. खुर्ची त्याच्यासमोर लावली. त्याने पाहिलं, पुढे आला, एकदा या डोळ्याने आणि एकदा त्या डोळ्याने बघितलं. सरांनी ओठ जुळवायचा प्रयत्न केला. डावी बाजू पुढे आली, उजवी आली नाही, आणि फटीतून नुसती हवा गेली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. पक्षी डोकं कलतं करून ऐकत होता. त्याला त्या हवेत काही सापडत नव्हतं. तिसऱ्यांदा हवा गेली तेव्हा सरांनी डोळे मिटले आणि घरी चला अशी खूण केली.

काकूंनी खुर्ची वळवली. अळीबाईने दार उघडलं, आणि उघड्या दारातून मोठ्या जाळीतली शीळ सरळ आत आली.

म्हाताऱ्याचा तुरा टाचणीसारखा उभा राहिला. त्याने दाराकडे पाहिलं. या वेळी दारात माणूस होता.

तो गायला. आवाज पहिल्यांदा घोगरा निघाला, न वापरलेल्या बिजागरीसारखा. मग चढता सूर, गिरकी, पुन्हा चढता सूर. आणि शेवटी ओढ, खाली येणारी, आणि तिच्या पोटातून वर चढणारा दुसरा सूर. दोन्ही क्षणभर एका जागी भेटले आणि ओलांडून गेले. तिने हा आवाज आजवर असा कधीच ऐकला नव्हता. एवढ्या वर्षांत तो असा जवळून फक्त सरांनी ऐकला होता.

तिच्या हातात माइक होता. तो सुरू आहे ना, हे बघायला तिने खाली मान घातली. सुरू होता.

*

त्या दिवसापासून सर रोज सकाळी येऊ लागले. पद्धत ठरून गेली. खुर्ची दारात लावायची, दार उघडं ठेवायचं, बाहेरून शीळ येते, म्हातारा सरांना उत्तर देतो. ती सगळं टिपायची, बाहेरच्या शिळा एक-एक करून कापून टाकायची आणि उरलेलं पिल्लांच्या खोलीत ऐकवायची. या वेळी प्रत्येक गाण्याचं चित्र ती आधी बघे, मगच ते निवडे. दोन रेघा नसतील तर फेकून देई. स्वतःच्या कानांवरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि तो परत यावा असं तिला वाटतही नव्हतं.

तरुण नरांचं काय, हा प्रश्न संचालकांनी एकदाच विचारला. ते इथेच राहणार होते, आयुष्यभर. त्यांचं गाणं बदलणार नव्हतं आणि ते कुठे सोडताही येणार नव्हते. रिकामी खोकी अळीबाईने अळ्यांच्या डब्यांसाठी नेली. त्यांना ती आता कुठलंच नाव देत नसे.

काकू विणकाम घेऊन सरांच्या शेजारी बसत. शीळ आली की अधूनमधून, मान वर न करता, "टाकते, टाकते" म्हणत. पहिल्या दिवशी सरांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. नंतर पाहणं सोडून दिलं.

हंगाम उलटला. पिल्लं मोठी झाली, त्यांना तुऱ्याची कोवळी टोकं फुटली आणि ती पुटपुटायला लागली. तरुण पक्षी एकदम गात नाही. आधी तो स्वतःशी अस्पष्ट बडबडतो, झोपेत बोलणाऱ्यासारखा. ती दिवसभर कानाला यंत्र लावून काचेमागे बसे. बडबडीत चढता सूर ओळखू यायला लागला, मग गिरकी. शेवटची ओढ येई ती मध्येच तुटे. तुटायच्या आधी तिथे एक रेघ असते की दोन, हे पडद्यावर ठरत नव्हतं. सुरुवातीचे थोडे दिवस ही पिल्लंही चुकीची शीळ ऐकत होती, हे तिला विसरता येत नव्हतं. सर रोज निघताना खुर्ची तिच्या काचेसमोर थांबवायला लावत आणि तिच्याकडे बघत. ती मान हलवे. अजून नाही.

एका सकाळी कडेच्या पिंजऱ्यातलं पिल्लू तोंडातल्या तोंडात म्हणत असताना ओढ तुटली नाही. पडद्यावर एक रेघ खाली आली, आणि तिच्याखाली, आखूड आणि वाकडी, दुसरी वर चढली. पिल्लाने पिसं साफ केली, पाणी प्यायलं आणि पुन्हा म्हटलं. या वेळी एकच रेघ. तिसऱ्या खेपेला परत दोन. शेजारचं पिल्लू मात्र एकाच रेघेवर अडून बसलं होतं, आणि त्याच्या पलीकडचं अजून नुसतंच पुटपुटत होतं.

सर काचेसमोर आले तेव्हा तिने मान हलवली नाही. तिने फक्त कडेच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, आणि दोन रेघांची दोन बोटं काचेवर टेकवली.

सरांनी त्या बोटांकडे पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू थोडी हलली. ते आता घरी निघतील असं वाटून काकूंनी विणकाम पिशवीत टाकलं आणि खुर्ची उताराकडे वळवली. पण सरांनी चाक धरलं. डाव्या हाताने, एकट्याने, कसंबसं त्यांनी ते उलटं फिरवलं, आणि खुर्ची मोठ्या जाळीसमोर नेऊन उभी केली.

आतले नर एकामागून एक गात होते. सर त्यांच्याकडे तोंड करून बसले, तळवा वर करून हात मांडीवर ठेवला, आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.